सासूबाईंचं वारं, माझं बाहेर जाणं

माझ्या सासूबाईंच्या अंगात देवी यायची, आणि मी स्वतःच्या अंगातून बाहेर पडायला बघत होते. दोघींच्या खोल्यांत भिंत एकच. घरी काय चाललंय असं कुणी आमच्या ह्यांना विचारलं की ते म्हणायचे, "एकीचं येणं चाललंय, एकीचं जाणं. मी आपला दार धरून उभा."

बाहेर पडणं म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर भलताच समज व्हायचा. निवांत उताणं पडायचं. अंगाला झोपू द्यायचं, आपण मात्र जागं राहायचं. मग त्या झोपलेल्या अंगातून हळूच सटकायचं, छताशी जायचं आणि खाली बघायचं की ती पडलीय ती मी. यावर मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ आहेत आणि त्यातले निम्मे थापाडे आहेत. पण मला हे वेड मोबाइलनं लावलेलं नाही, ते फार जुनं आहे.

माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि तिथेच टॉवेलच्या ढिगावर आडवी व्हायची. नवख्या माणसाचं त्या खटखटाटात डोकं उठतं, मला मात्र गुंगी यायची. एका दुपारी डोळा लागायच्या बेतात असताना तो आवाज कानातून पोटात उतरला, पोटातून हातापायांत गेला, आणि आपलं अंग कुठे संपतं तेच कळेना. बघते तर मी वर होते. पत्र्याखाली, जिथे लोखंडी तुळईवर कापसाचा भुगा साठतो तिथे. खाली टॉवेलवर एक मुलगी तोंड उघडं टाकून झोपली होती आणि तिची एक रिबीन सुटली होती. वडील मागावर वाकले होते, आणि त्यांच्या डोक्याच्या मधोमध रुपयाएवढं टक्कल पडलं होतं. खालून ते मला कधी दिसलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी हसले, आणि हसल्याबरोबर धपकन खाली आले.

संध्याकाळी घरी मी जाहीर केलं, "बाबा, तुम्हाला टक्कल पडायला लागलंय." वडील दोन आरसे घेऊन मान वेडीवाकडी करत बसले आणि म्हणाले, "कार्टे, तुला कुटनं दिसलं गं हे?" मी काही सांगितलं नाही. सांगून कुणाला पटलं असतं?

तो आनंद पुन्हा मिळावा म्हणून मी काय काय केलं! शाळा झाली, कॉलेज झालं, लग्न झालं, होटगीच्या एका शाळेत कारकुनाची नोकरी लागली, आणि माझा शोध चालूच. परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवलं की इंजिनाची थरथर कवटीत शिरायची, पाय बधिर व्हायचे, आणि आता सुटणार, आता सुटणार असं वाटेपर्यंत माझा स्टॉप मागे पडलेला असायचा. एकदा तर स्टँडवर सगळी बस रिकामी झाली, नवी माणसं भरली, आणि मी त्याच बसनं पुन्हा होटगीला पोचले. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, शाळा उद्या सकाळी हाय की." मला हसू आवरेना. तो बिचारा दोन पावलं मागे सरला.

रविवारची दुपार ही माझी हक्काची वेळ. जेवणं झाली की दार लोटायचं, पंखा पाचवर, आणि कॉटवर उताणं. आधी अंग भिजलेल्या चादरीसारखं जड होतं. मग तळपायांना मुंग्या येतात, कानात गूं गूं सुरू होतं, आणि सगळीकडून बारीक थरथर उठते. या थरथरीला पहिल्यांदा माणूस घाबरतो आणि उठून बसतो. मी घाबरत नाही. मला उलट गुदगुल्या होतात, म्हणून माझं काम अडतं. हसू आलं की खेळ खलास.

तरी एकदा उजवा हात बाहेर आला. शप्पथ सांगते. माझा हाडामांसाचा हात पोटावर होता आणि दुसरा, न दिसणारा, भिंतीवर. भिंतीचा गारवा, रंगाचे पोपडे, जुन्या खिळ्याचं भोक, सगळं त्या बोटांना लागत होतं. आता खांदा काढायचा, मग डोकं, असा मी बेत करतेय तोच स्वयंपाकघरात सासूबाईंनी शेंगाची चटणी कुटायला घेतली. दण, दण, दण. हात सुटकन आत.

"अहो आई, मिक्सर आहे की घरात!" मी पडल्या पडल्या ओरडले.

"मिक्सरात चटनी हुत न्हाय, भुगा हुतो," पलीकडून उत्तर आलं. त्यात त्यांचं चुकलं नव्हतं म्हणून मला आणखीच राग आला. मग ती चटणी मी रात्री दोन भाकऱ्यांबरोबर खाल्ली.

आता सासूबाईंचं सांगायला हवं. आमचं गाव मोहोळच्या अलीकडे. नवरात्रातल्या मंगळवारी देवळापुढे संबळ वाजायला लागला की सासूबाईंच्या अंगात वारं यायचं. वारं म्हणजे देवीच. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, केस मोकळे, आणि एरवी पदरात बोलणारी ही बाई पारावरच्या बाप्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची. बायका प्रश्न घेऊन समोर बसायच्या. हरवलेल्या रेड्यापासून न होणाऱ्या मुलापर्यंत सगळं विचारायच्या. गावात सासूबाईंना मान होता तो याच एका गोष्टीचा. सासरे गेले, शेत वाट्यानं दुसऱ्याकडे गेलं, तरी मान राहिला. रस्त्यानं चालल्या तर समोरून येणारी बाई चप्पल काढून पाया पडायची.

मग त्यांचा गुडघा गेला. ऑपरेशन करून सांधा बदलला आणि आम्ही त्यांना सोलापूरला आणून ठेवलं. त्या साली मंगळवारी संबळ वाजला, सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि सासूबाई काठी टेकून नुसत्या उभ्या. काही आलं नाही. घरी आल्यावर त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"अंगात लोखंड घातलंसा तुमी. लोखंडाच्या घरात देव ऱ्हातो व्हय?"

मी म्हटलं, "लोखंड नाही आई, तो वेगळा धातू असतो, डॉक्टर सांगत होते."

"डाक्टरला काय कळतंय? हातोडीनं ठोकत हुता. कंबरंखालनं बधिर केलं हुतं, कान न्हवतं केलं."

हसू दाबायला मी स्वयंपाकघरात पळाले. पण त्यांचं दुःख खरं होतं. पुढच्या नवरात्रातही वारं आलं नाही तर गावात आपण कुणीच नाही, गोळ्या खाऊन गॅलरीत बसणारी म्हातारी तेवढी उरणार, असं त्या बोलून दाखवायच्या. रोज संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे डोळे मिटून बसायच्या आणि उठताना म्हणायच्या, "आज बी न्हाय." मला फार वाईट वाटायचं. मी हातचं सोडून बाहेर पळायला बघत होते आणि या माउलीला आत कुणी यायला हवं होतं.

नवरात्राच्या आधीच्या एका रविवारी ती गंमत झाली. त्या दिवसांत कुठेतरी पाइपलाइन फुटली होती आणि नळाला पाणी नव्हतं. आधीच आमच्याकडे पाणी दिवसाआड येणार, त्यात हे. टाक्या खडखडीत. मी मात्र जेवून निवांत पडले, आणि त्या दिवशी का कोण जाणे, अंग पटकन झोपलं. मुंग्या, गूं गूं, थरथर, सगळं रांगेत आलं आणि मला हसूही आलं नाही. मी अलगद वर निघाले. पंख्याच्या दांडीभोवती बोटभर धूळ दिसली. कपाटावर दिवाळीपासून सापडत नसलेली चकलीच्या सोऱ्याची पितळी चकती दिसली. आणि खाली मी. डोळे अर्धवट उघडे, तोंडाचा चंबू, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. किती वर्षांनी! नाचावंसं वाटत होतं, पण शहाणपणानं गप्प तरंगत राहिले.

तेवढ्यात दार उघडलं. सासूबाई चहाचं विचारायला आल्या होत्या. त्यांनी माझे अर्धे उघडे डोळे बघितले, पापण्यांची फडफड बघितली, बोटांची थरथर बघितली. आयुष्यभर वारं जवळून बघितलेली बाई ती. तिला दुसरं काय वाटणार? "आगं बया!" म्हणाल्या आणि गुडघा विसरून आत पळाल्या. हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या, माझ्या कपाळभर मळवट भरला, हातात लिंबू दिलं आणि शेजारच्या काकूंना हाक मारली.

शेजारच्या काकू विणकर घरातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, स्वभावानं एकदम रोखठोक. त्या येऊन माझ्या पायाशी बसल्या. सासूबाईंनी हात जोडले. "कोन हायस माय तू? बोल."

मी वरून बघत होते. सासूबाईंच्या भांगात पांढरे केस किती झालेत ते वरून दिसलं. काही बोलावं असं मनातही नव्हतं. काकूंनी मात्र संधी सोडली नाही.

"अय्यो, ते सगळं ऱ्हाऊ दे अक्का. पयलं विचार, नळाला पानी कदी येनार?"

आणि मी न बोलता खाली माझं तोंड हललं आणि आवाज आला, "उद्या."

हसू आलं ते यानंतर. मी वर, तोंड खाली, आणि तोंड परस्पर पाण्याचं वेळापत्रक सांगतंय! धपकन आत आले, उठून बसले, लिंबू गडगडत कॉटखाली गेलं. मी कितीही सांगितलं की अहो हा व्यायामासारखा प्रकार आहे, मी मुद्दाम करते, तरी कपाळावर मळवट असलेल्या बाईचं कोण ऐकतं? हे खरंच घडलं की अर्धं स्वप्न होतं, ते मीही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. चकती मात्र कपाटावरच निघाली.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं.

झालं. काकू नारळ घेऊन दारात. खालच्या मजल्यावरच्या दोघी खणाची ओटी घेऊन. जिन्यात शाळेचा डबा हातात घेऊन मी उतरतेय आणि समोरची बाई विचारतेय, "वैनी, टँकर सांगू का नको आज?" आमचे हे तर निर्लज्जपणे म्हणाले, "लाइट कधी जाणार तेही विचारून ठेव." मी बोंबलून सांगितलं की पाइपलाइन दुरुस्त झाली म्हणून पाणी आलं. तर काकू म्हणाल्या, "दुरुस्त कुनी केलं मग?"

दोन दिवसांनी सासूबाईंनी ट्रंकेतून कवड्यांची माळ काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात ठेवली.

"माज्यातनं गेली ती तुज्यात आली. सासूचं सुनंला येतंय, रीतच हाय. औंदा मंगळवारी तू उबी ऱ्हा."

"आई, माझ्यात काही येत नाही हो. मीच बाहेर जाते."

"घर मोकळं केल्याबिगर पावना कसा यील? बराबरच हाय की."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माळ परत केली तर देवीला नाही म्हटल्यासारखं, ठेवली तर त्यांचं सर्वस्व काढून घेतल्यासारखं. मी माळ ठेवली आणि मनात ठरवलं की मंगळवारपर्यंत ही माळ मूळ गळ्यात परत जायला हवी. कशी, ते ठाऊक नव्हतं.

मग आमची शिकवणी सुरू झाली. माझ्या सबंध संसारातले हे सगळ्यात मजेचे दिवस. रोज संध्याकाळी मी शाळेतून आले की दोघी देव्हाऱ्यापुढे. त्या मला शिकवणार वारं कसं घ्यायचं, आणि मी चोरून त्यांना शिकवणार अंग कसं सोडायचं.

"पयलं तळपायाला मुंग्या येत्यात," त्या म्हणाल्या. "मग कानात भुंगा."

"अहो, मला पण! अगदी हेच!"

"मग सगळं अंग थरथरतंय, आनि वाटतंय आता काय हुतंय न् काय न्हाय."

"तिथं तुम्हाला हसू येतं का?"

"हसू? येडी का काय तू? रडू येतंय मला, लई ग्वाड रडू."

दोन सुगरणी पुरणाच्या चवीवर बोलाव्यात तशा आम्ही बोलत होतो. पहिल्यांदा कुणाला तरी माझं म्हणणं कळत होतं, तेही सख्ख्या सासूला! वडिलांच्या टकलाची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "तुज्या बापाला सांगायचं व्हतंस गं, बरं वाटलं असतं त्यास्नी." मी त्यांना श्वास मोजायला लावले, बोटापासून डोक्यापर्यंत अंग सैल करायला लावलं. त्या इतकं सैल करायच्या की पाच मिनिटांत घोरायला लागायच्या.

मंगळवार उजाडला. गावात दुपार कलल्यावर संबळ सुरू झाला. देवळापुढे लिंबाखाली बायकांची दाटी. सासूबाईंनी स्वतः माझ्या कपाळी मळवट भरला, माझ्या गळ्यात माळ घातली, आणि आपण बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत जाऊन बसल्या. डॉक्टरनं नाचायला बंदी केली होती, आणि खुर्चीत बसून काही कुणाच्या अंगात येत नाही, असं सगळ्या गावाचं मत. त्यांनी काठी मांडीवर आडवी धरली होती. इतकं लहान झालेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मी डोळे मिटले. संबळ कडाडत होता, "उदो उदो" चाललं होतं, आणि मला ना मुंग्या ना भुंगा. काही म्हणजे काही नाही. कवड्या गळ्याला टोचत होत्या एवढंच. एक बाई पुढे येऊन माझ्यासमोर बसली. "माय, पोरीला सोयरीक आलीय. पोरगी म्हनती लगीन नगं, मला नर्सिंगला जायचंय. मालक आयकंनात. काय करू?"

संबळ थांबला. मी डोळे उघडले आणि बाईकडे बघितलं. तिनं खरंच विचारलं होतं. तिची पोरगी मागे खांबाला धरून उभी होती, ओठ घट्ट मिटून. इथे उडतं उत्तर देणं मला जमेना. मी वळले, माळ काढली आणि खुर्चीतल्या सासूबाईंच्या गळ्यात घातली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या पोरीकडे. मग डोळे मिटले. बोटं काठीवर आवळली, खुर्ची करकरली, आणि तो जुना आवाज आला, पारापर्यंत जाणारा.

"पोरीला जाऊ दे! लगीन काय पळून चाललंय? तुज्या मालकाला सांग, मी सांगितलंय. आनि जाताना पोरीला शेंगाची चटनी बांदून दे, कुटलेली. हास्टेलातलं जेवान गिळत न्हाय."

"आई राजा उदो उदो!" बायकांनी गलका केला. पोरगी ढसाढसा रडत सासूबाईंच्या पायांवर आली, त्या लोखंडी गुडघ्यावर तिनं डोकं टेकलं. मागोमाग बायकांची रांग लागली. कुणाचा विहिरीचा प्रश्न, कुणाची सून, कुणाचं दुखणं. सासूबाई खुर्चीतून बोलत राहिल्या. मी मागे उभी राहून खुर्ची धरली होती.

संध्याकाळी गाडीत आम्ही तिघं. हे गाडी चालवत होते, आम्ही दोघी मागे. मळवट पुसलेल्या, दमलेल्या, खुशीत असलेल्या सासूबाई माझ्या मांडीवर थाप मारून सांगायला लागल्या.

"त्या पोरीच्या आयला मी काय म्हनलं, जाऊ दे तिला. लगीन काय पळून चाललंय? आनि त्या दुसरीला म्हनलं, हीर खांदू नगं, हाय ती गाळ काडून बग. आनि ती तिसरी, सुनंवर चिडनारी, तिला म्हनलं..."

बोलता बोलता त्या थांबल्या. वारं उतरलं की काय बोललो यातलं अक्षरही त्यांना आठवत नसे. उलट आम्हालाच विचारायच्या, काय झालं, कोण आलं. आज शब्दन् शब्द आठवत होता. पुढे ह्यांनी आरशातून मागे बघितलं.

"म्हंजे," त्या हळूच म्हणाल्या, "आज ती आलीच न्हवती? मीच बोलले व्हय समदं?"

मी त्यांचा हात हातात घेतला. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या. तोंडाला पदर लावून, पोरीसारख्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"मग बरं बोलले की गं मी!"